कानी आले पाहुणे

आमच्या घरी सकाळी सहा ते आठ या वेळात एक निवृत्त पोलीस अधिकारी, एक त्वचारोगतज्ज्ञ आणि एक भूतबाधेचे अभ्यासक येऊन जातात. चहा कोणालाच विचारावा लागत नाही. बायको ओट्यावर फोन उभा करते, मागे टेकू म्हणून हिंगाचा डबा लावते आणि पॉडकास्ट सुरू होतो. कणीक मळून होईपर्यंत अधिकारी खात्यात भरती झालेले असतात, पोळ्यांना सुरुवात झाली की गुंड फरार होतो आणि भाजीला फोडणी बसताना चकमक झडते. बाहेर पेपर वाचणाऱ्याला मोहरी कुठली आणि गोळीबार कुठला हे चटकन कळत नाही. मुलगी आंघोळीला जाताना फोन बरोबर नेते, त्यामुळे आमच्या न्हाणीघरातून रोज एक अनोळखी पुरुष गंभीर आवाजात चक्रवाढ व्याज समजावून सांगत असतो. आईच्या खोलीत वैद्य असतात. ते दुपारपर्यंत थांबतात.

मध्यमवर्गीय घरात एवढ्या पेशांची माणसं पूर्वी येत नसत. डॉक्टर यायचे ते ताप उतरेनासा झाला तर. वकील आला तर समोरच्या खिडक्या उघडायच्या आणि पोलीस आला तर त्या लागायच्या; फटीतून बघणं चालू असायचं ते वेगळं. मांत्रिक मागच्या दाराने यायचा. आता हे सगळे राजरोस पुढून येतात, तीन तास बसतात आणि जाताना फक्त 'चॅनेल सबस्क्राइब करा' एवढंच मागतात.

अडचण एवढीच, की हे पाहुणे एकमेकांशी बोलत नाहीत. खाण्यापिण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने दीक्षित-दिवेकर पर्व पाहिलेलं आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगायचे, दिवसातून दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगायच्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा आणि तुपाला घाबरू नका. घराघरात तट पडले होते. आमचे एक काका दोन्ही बाजूंना धरून होते, म्हणजे दर दोन तासांनी ५५ मिनिटं. पण तेव्हा पक्ष दोनच होते, हे आता सुख वाटतं. आता सोमवारचा पाहुणा उठल्याबरोबर कोमट पाणी प्यायला सांगतो, बुधवारचा पाहुणा कोमट पाण्याने जठराग्नी विझतो म्हणतो आणि शुक्रवारी एक जण पाणी तांब्याच्या भांड्यात होतं का, एवढीच चौकशी करतो. त्यात हे तीन तास पूर्ण कोणी ऐकत नाही. ऐकतात ती पंचेचाळीस सेकंदांची कात्री लावलेली रील. डॉक्टर म्हणालेले असतात, 'सर्दी झालेली असेल, रात्रीची वेळ असेल, तर दही खाऊ नका.' रीलमध्ये उरतं 'दही खाऊ नका'. आमच्याकडे तीन आठवडे कोशिंबिरीत लिंबू पिळत होते.

हे पाहुणे बसतात कुठे? पॉडकास्टची जुनी गादी गॅरेजमध्ये. २०१५ च्या जूनमध्ये बराक ओबामा, अध्यक्षपदावर असताना, मार्क मॅरन या विनोदी कलाकाराच्या लॉस एंजेलिसच्या घरी गेले आणि त्याच्या गॅरेजमध्ये बसून तासभर बोलले. पुण्यात हे जमणारं नाही. आपल्याकडे गॅरेज म्हणजे जिथे स्कूटर 'उद्या संध्याकाळी नक्की' मिळते ती जागा. शिवाय ओबामांच्या गाड्यांचं काय? सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना 'पाहुण्यांनी वाहने बाहेर लावावीत' ही पाटी दाखवली असती आणि अध्यक्षांना नळस्टॉपपासून चालत यावं लागलं असतं.

म्हणून आपला पॉडकास्ट फ्लॅटमधल्या दुसऱ्या बेडरूममध्ये होतो. भिंतीला लाकडी पट्ट्या, कोपऱ्यात प्लास्टिकची कुंडी, मागे निऑनच्या अक्षरांत कार्यक्रमाचं नाव आणि समोर मग. त्या मगात काय असतं हे आजवर कोणी पाहिलेलं नाही. सगळ्यात महत्त्वाचा सोफा. हा इतका खोल असतो की साठीच्या पुढचा माणूस एकदा बसला की त्याला आधाराशिवाय उठता येत नाही. मला दाट संशय आहे, मुलाखती तीन-तीन तास चालतात त्या विषय खोल असतो म्हणून नव्हे. समोर बसलेल्या मुलाचं वय अठ्ठावीस. तो डॉक्टरांना सर म्हणतो, शेतकऱ्याला सर म्हणतो, महाराजांनाही एकदा चुकून सर म्हणतो. बाई असल्या तर ताई. त्यातही बाईंनी लग्नसंस्थेवर पुस्तक लिहिलेलं असेल तर मॅम.

आता खरी गोष्ट. पाहुणा कोणत्याही धंद्यातला असो, चाळिसाव्या मिनिटाला तो तत्त्वज्ञ होतो. त्याची तशी इच्छा नसते. त्याला करतात. परवा गुडघ्याचे एक डॉक्टर होते. अगदी छान चाललं होतं. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चा असते, ती झिजली की हाडावर हाड घासतं, वजन कमी केलं की गुडघ्यावरचा भार कसा कमी होतो, मांडीचे स्नायू बळकट ठेवण्यासाठी खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरळ कसा करायचा, हे सगळं ते हातवारे करून दाखवत होते. मी ऐकता ऐकता पाय सरळ करायलाही लागलो होतो. तेवढ्यात यजमान पुढे झुकला, त्याने आवाज खाली आणला आणि विचारलं, "सर, पण माणसं आतून का झिजतात?"

डॉक्टर क्षणभर गोंधळले. कोणत्या सांध्याबद्दल विचारतोय हे त्यांना कळेना. मग कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज आलं. तीस वर्षं रोज लोकांच्या एक्स-रेकडे बघणाऱ्या माणसाला आयुष्याबद्दल कोणी विचारलेलंच नव्हतं! पुढचे दोन तास ते अपेक्षा, अहंकार, विभक्त कुटुंब आणि मोबाइल यांवर बोलले. माझा पाय हवेत सरळच राहिला. किती वेळ ठेवायचा हे सांगायचं राहून गेलं होतं.

शेअर बाजारवाले संयमावर येतात, वकील क्षमेवर येतात. गिर्यारोहकांचं तर ठरलेलं आहे: खरा एव्हरेस्ट आपल्या आत असतो. असेल. पण मग ८८४८ मीटरच्या बाहेरच्या एव्हरेस्टवर, ज्याच्या परवान्याची फी नेपाळ सरकारने २०२५ मध्ये अकरा हजारांवरून पंधरा हजार डॉलरवर नेली, कशाला जायचं? आतल्याला फी नाही. मला त्या माणसाला विचारायचं असतं की तेवढ्या उंचीवर लघवीला कसं जातात, बूट कोण घालून देतं, परत येताना शेर्पाशी काय बोललात. ते कोणी विचारत नाही. सगळे शिखरावर काय 'फील' झालं ते विचारतात, आणि त्याचं उत्तर आजवर एकालाही धड देता आलेलं नाही.

पूर्वी असं नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यावर 'आमची माती आमची माणसं' लागायचं. आमच्या घरी शेत नव्हतं, गॅलरीत एक ओव्याचं झाड होतं, तरी आम्ही तो कार्यक्रम बघायचो. कारण त्याच्यानंतर जे काही लागायचं ते चुकायला नको असायचं. त्यातला पाहुणा म्हणजे टोपी घालून, हात मांडीवर ठेवून बसलेला शेतकरी. त्याला काय विचारायचे? वाण कोणतं, लागण कधी, खत किती, पाणी किती पाळ्यांनी, एकरी उतारा काय. तो म्हणायचा, "तर आम्ही काय केलं..." आणि केलं तेवढंच सांगायचा. लहानपणी वडील रागावले होते का, हे त्याला कोणी विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आणण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. पाणी होतं ते ठिबकचं. आम्ही तेव्हा कंटाळलो हे खरं आहे. पण भुईमुगाला आऱ्या सुटायच्या वेळी मातीची भर द्यावी लागते हे मला अजून पाठ आहे. गेल्या वर्षभरात ऐकलेल्या पॉडकास्टमधलं एक वाक्य आठवून सांगा म्हटलं तर मला फक्त गादीची जाहिरात आठवते. ती मनःशांतीवरच्या भागात मधोमध येते.

तोच शेतकरी आज आला तर त्याची 'इनस्पायरिंग जर्नी' होईल. ड्रॅगनफ्रूट लावलेलं असेल तरच बोलावतील, हे आणखी एक. ज्वारीवाल्याला कोण विचारतो?

सर्पमित्राचा भाग मात्र मी दोनदा ऐकला. हा गृहस्थ कोकणातला, अगदी साधा. त्याला मुलाखत द्यायची कला अवगत नव्हती, त्यामुळे पहिला पाऊण तास सोन्यासारखा गेला. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं दिसायला एवढंसं, पण कोकणात दगड उचलताना हाताला तेच लागतं. घोणस हलत नाही, नुसती मोठ्याने फुत्कारते, म्हणून तिला अजगर समजून हात लावणारे शहाणे निघतात. मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटतं रात्रीचं काही बाधलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, झोपलात तर मच्छरदाणी गादीखाली खोचा, जखमेवर ब्लेड मारू नका, दोरी आवळू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष कसं करतात तेही त्याने सांगितलं: घोड्यांना विषाची अगदी थोडी मात्रा टोचत नेतात, त्यांच्या रक्तात प्रतिकारक द्रव्य तयार होतं, त्यातून औषध. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव त्याने असं घेतलं, जसं आपण कुलदैवताचं घेतो.

मी फोन हातात घेतला, आवाज मोठा केला. आणि यजमान पुढे झुकला.

"सर, पण माणसांतले साप ओळखायचे कसे?"

संपलं. उरलेला सव्वा तास 'टॉक्सिक' माणसांवर गेला. बिचारा सर्पमित्र आधी म्हणाला, "माणसांचं मला काही माहीत नाही, मी साप पकडतो." एवढं अचूक वाक्य त्या सोफ्यावर त्या वर्षात कोणी बोललं नसेल. पण यजमानाने चिकाटी सोडली नाही आणि शेवटी त्याच्याकडून नातेवाइकांचे चार प्रकार वदवून घेतलेच. भागाचं नाव ठेवलं होतं 'तुमच्या घरातच आहे मण्यार!' आणि शेजारी एका मध्यमवयीन बाईचं चित्र. कित्येक घरांत त्या संध्याकाळी सासू-सुनांनी एकमेकींकडे निरखून पाहिलं असणार.

या सगळ्यात मुरलेला पाहुणा एकच: कीर्तनकार. त्यांच्यावर पुढे झुकण्याचा परिणाम होत नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान ही वाटणी शेकडो वर्षांची असल्यामुळे, तत्त्वज्ञान आधी उरकून मग गोष्ट सांगायची हे त्यांना माहीत असतं. पॉडकास्टवाले नेमकं उलटं करतात आणि म्हणून फसतात. बुवांना तीन तास म्हणजे काहीच नाही. प्रायोजकाचाही त्यांना अनुभव असतो. फक्त त्यांचा प्रायोजक आरतीच्या ताटातून फिरतो.

सर्पमित्राचं झालं तेच डबेवाल्यांचंही झालं, तेही पॉडकास्टच्या कितीतरी आधी. हार्वर्डने त्यांच्यावर अभ्यास लिहिला. २००३ मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन त्यांना भेटले, २००५ मध्ये त्यांच्या लग्नाचं आमंत्रण आलं, आणि तेव्हापासून व्यवस्थापनाच्या प्रत्येक सभेत एक डबेवाला पाहुणा म्हणून बोलवायची प्रथा पडली. समोर सुटाबुटातले लोक 'तुमचं लीडरशिप मॉडेल काय' असं विचारतात. डब्याच्या झाकणावरचे रंग, अक्षरं आणि आकडे वाचून अंधेरीचा डबा नरिमन पॉइंटच्या कोणत्या मजल्यावर जातो हे तो दाखवू शकतो, पण ते दोन मिनिटांत गुंडाळायला लावतात. उरलेल्या वेळात टीमवर्क.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गाव-गाडा' लिहिलं तेव्हा गावात कोण काय काम करतो आणि त्याला सुगीत किती धान्य मिळतं याची पै न पै मांडली. आज पॉडकास्टांवरून महाराष्ट्राचा गावगाडा मांडायचा झाला तर या राज्यात राहतात ते नट, लेखक, आहारतज्ज्ञ, ज्योतिषी, आयपीएस अधिकारी आणि 'फाउंडर'. त्यांच्या घरचे नळ कोण दुरुस्त करतं, मढं कोण उचलतं, लिफ्ट अडकली की कोण येतं, याचा कुठे पत्ता लागत नाही. तलाठी नाही. का नाही, हे कळू शकतं: तो 'उद्या या' म्हणेल. एसटी कंडक्टर नाही. १ जून १९४८ ला नगर–पुणे पहिली गाडी सुटल्यापासून महाराष्ट्राच्या प्रत्येक भांडणाचा सर्वात जवळचा साक्षीदार हा, आणि त्याच्याकडे सुटे सोडून कोणी काही मागितलेलं नाही. बैलबाजारातला दलाल नाही. त्याची मात्र मला खरोखर उत्सुकता आहे. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून, आजूबाजूच्या पन्नास जणांना कळू न देता हा लाखाचा व्यवहार करतो. त्याला माइकसमोर बसवला तर तीन तासांत चार वाक्यं निघतील आणि त्यातली दोन बैलाच्या दाताबद्दल असतील.

आमच्या शेजारी एक निवृत्त कॅशियर काका राहतात. एका भाच्याच्या ओळखीने त्यांना बोलावणं आलं. (हल्ली पैसे भरून पाहुणा होण्याचीही सोय आहे, काकांनी भरले नाहीत, ते कॅशियर होते.) ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा हे काउंटरवर होते. त्यांनी मला जिन्यात जे सांगितलं ते असं: पहिल्या आठवड्यात नोटांना डांबरगोळ्यांचा वास यायचा. मग तांदळाचा आणि डाळीचा वास यायला लागला. बायका भर दुपारी यायच्या, नवरा ऑफिसात असताना. डब्याच्या तळाची, साडीच्या घडीतली, देवघरातल्या पोथीतली अशी वीस-वीस वर्षांची शिल्लक. एक आजी नोटांचं पुडकं सरकवून म्हणाल्या, "पासबुकावर नोंद नको करू रे, घरी बघतात." चार हजार बदलून घ्यायला रांगेत सासरा आणि सून मागेपुढे उभे होते आणि दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही.

हे ऐकून मी काकांना म्हटलं, तुमचा भाग गाजणार. प्रत्यक्षात यजमानाने पाचव्या मिनिटाला विचारलं, "सर, पैशाने सुख मिळतं का?"

काका म्हणाले, "आमच्या काउंटरला नव्हतं ते."

"आणि तुमचा स्ट्रगल?"

"शनिवारी टॅली लागायची नाही."

मग शेवटचा, सगळ्यांना विचारतात तो प्रश्न आला: आजच्या तरुण पिढीला काय सांगाल? काका जरा विचारात पडले आणि म्हणाले, "नोटा मोजताना थुंकी लावू नका." तो भाग प्रसिद्ध झाला नाही. आवाजात तांत्रिक दोष होता असं कळवलं. माझ्या मते पॉडकास्टच्या आजवरच्या इतिहासात तरुण पिढीला दिलेला अमलात आणण्याजोगा सल्ला तेवढाच.

तेव्हा पॉडकास्टवाल्या मुलामुलींना एक विनंती आहे. आमच्या भागात एक व्हॉल्व्हमन आहे. सायकलला लांब लोखंडी चावी बांधून पहाटे फिरतो. खडकवासल्याचं पाणी पर्वतीला येतं, तिथून टाकीत, आणि टाकीतून कोणत्या गल्लीत किती वेळ हे ह्याच्या मनगटात आहे. कोणत्या बंगल्याने नळाला चोरून मोटर लावली आहे, कोणत्या नगरसेवकाच्या घराची लाइन कधीच बंद होत नाही, गुरुवारी पाणी बंद म्हणून छापतात तेव्हा शुक्रवारी पहिलं गढूळ पाणी कोणाच्या वाट्याला येतं, सगळं त्याला तोंडपाठ. त्याला बोलवा. खोल सोफ्यावर बसवू नका, त्याला पहाटे चारला उठायचं असतं. मगात खरंच चहा द्या. आयुष्याने काय शिकवलं ते अजिबात विचारू नका, आणि पुढे झुकावंसं वाटलं तर खुर्चीला धरून बसा. फक्त तिसऱ्या मजल्यावर पाणी का चढत नाही तेवढं विचारा. तो तीन तास बोलेल, आणि आमची अख्खी सोसायटी तो भाग रील न करता, शेवटपर्यंत ऐकेल याची हमी मी देतो.